अंतर, भाषा आणि अधिकार : आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापनाचे ऑनलाइन अध्ययन

कोणत्याही शास्त्राचा अभ्यास ज्या माध्यमातून होतो ते माध्यम त्या शास्त्राच्या विषयाहून निराळे असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पानाचे वर्णन मराठीत वाचो की जर्मन भाषेत, पानाच्या रचनेत त्यामुळे काही फरक पडत नाही. परंतु काही विद्या अशा आहेत की, त्यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापन ही अशा विद्यांपैकी एक होय. निरनिराळ्या देशांत विखुरलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे एका संस्थेच्या कार्यात कशी गुंफावी, हा या विद्येचा मूळ प्रश्न. आज तिचे पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन पद्धतीने घेणारा विद्यार्थिवर्गही नेमका तसाच विखुरलेला, बहुभाषी आणि बहुधा इंग्रजी या एकाच भाषेत व्यवहार करणारा असतो. अर्थात अभ्यासाचा विषय आणि अभ्यासाची परिस्थिती येथे एकमेकांवर येऊन पडतात. या योगाचे लाभ कोणते आणि धोके कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. विषयाची व्याप्ती

एका देशाच्या सीमेत चालणाऱ्या मनुष्यबळ व्यवस्थापनात नेमणूक, प्रशिक्षण, वेतन, कार्यमूल्यमापन आणि कामगार-संबंध ही प्रमुख अंगे येतात. सीमा ओलांडताच याच अंगांचे स्वरूप पालटते. पी. व्ही. मॉर्गन यांनी १९८६ साली या विषयाची जी मांडणी केली ती अद्यापि पाठ्यपुस्तकांत आधारभूत मानली जाते. तिला तीन परिमाणे आहेत. पहिले, व्यवस्थापनाची कार्ये. दुसरे, ज्या देशांशी कार्याचा संबंध येतो ते देश, म्हणजे कंपनीचा मूळ देश, जेथे तिची शाखा आहे तो यजमान देश आणि भांडवल वा मनुष्यबळ पुरविणारे अन्य देश. तिसरे, कर्मचाऱ्यांचे प्रकार, म्हणजे मूळ देशाचे नागरिक, यजमान देशाचे नागरिक आणि तिसऱ्या देशाचे नागरिक. या तीन परिमाणांच्या छेदांतून विषयाची गुंतागुंत उद्भवते. पुण्याजवळ चाकण येथे २००९ साली सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याचा विचार केला तर जर्मनी हा मूळ देश आणि भारत हा यजमान देश ठरतो. उलट, टाटा मोटर्सने २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली तेव्हा भारत मूळ देश झाला आणि ब्रिटन यजमान. महाराष्ट्रातील अभ्यासकाला या विषयाची दोन्ही रूपे आपल्या अंगणात पाहावयास मिळतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हॉवर्ड पर्लम्यूटर यांनी १९६९ साली बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मनोवृत्तीचे जे वर्गीकरण केले तेही येथे उपयुक्त ठरते. महत्त्वाच्या जागी मूळ देशाचीच माणसे नेमणारी कंपनी स्वदेशकेंद्री. प्रत्येक देशातील कारभार तेथील लोकांच्या हाती सोपविणारी बहुकेंद्री. राष्ट्रीयत्व न पाहता योग्य माणूस शोधणारी विश्वकेंद्री. पुढे या तिहींत प्रदेशकेंद्री वृत्तीची भर पडली. एखाद्या अधिकाऱ्याला परदेशी का पाठवावयाचे, याची एडस्ट्रॉम आणि गॅलब्रेथ यांनी १९७७ साली तीन कारणे सांगितली : रिक्त जागा भरणे, त्या अधिकाऱ्याचा विकास साधणे आणि संस्थेच्या दूरवरच्या शाखांना परस्परांशी जोडणे. यांपैकी तिसरे कारण भाषेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे; कारण शाखा जोडल्या जातात त्या माणसांच्या बोलण्यातून.

२. दूरस्थ अध्ययनाची परंपरा

ऑनलाइन शिक्षण ही अगदी नवी वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक पाहता तिच्यामागे दीर्घ परंपरा उभी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच परीक्षार्थीने विशिष्ट महाविद्यालयात राहून शिकले पाहिजे ही अट काढून टाकली आणि दूरच्या विद्यार्थ्यास पदवीचा मार्ग मोकळा केला. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास १९६९ साली सनद मिळाली व १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाविषयीचे विनियम २०२० साली जाहीर केले. टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि संगणक असा साधनांचा क्रम पालटत गेला. तथापि मूळ प्रश्न तोच राहिला. शिक्षक व विद्यार्थी यांमधील अंतर कोणत्या उपायांनी भरून काढावयाचे?

या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक उत्तर मायकेल मूर यांच्या सिद्धान्तात आढळते. त्यांच्या मते दूरस्थ शिक्षणातील खरे अंतर मैलांत मोजावयाचे नसते. ते समजुतीचे अंतर असते. पाठ्यक्रमाची रचना जितकी ताठर आणि शिक्षक-विद्यार्थी संवाद जितका अल्प, तितके हे अंतर मोठे. अंतर जितके मोठे, तितकी विद्यार्थ्याच्या अंगी स्वावलंबनाची गरज अधिक. समोरासमोरच्या वर्गातही, केवळ टिपणे सांगितली जात असतील तर, हे अंतर पुष्कळ असू शकते. गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० साली याच विचाराला पुढे नेऊन ऑनलाइन वर्गासाठी तीन प्रकारच्या 'उपस्थिती' आवश्यक मानल्या : विचाराची उपस्थिती, अध्यापनाची उपस्थिती आणि सामाजिक उपस्थिती. यांतील तिसरी म्हणजे सहाध्यायी ही खरीखुरी माणसे आहेत अशी जाणीव. ही जाणीव निर्माण होते ती मुख्यत्वे भाषेतून, आणि येथेच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

३. संस्कृतीचे मापन आणि त्याच्या मर्यादा

या विषयाचा कोणताही पदव्युत्तर पाठ्यक्रम गेर्ट हॉफस्टेडे यांच्या संशोधनाखेरीज पुरा होत नाही. १९६७ ते १९७३ या काळात आय.बी.एम. कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून २० भाषांतील प्रश्नावलींद्वारे १,१६,००० हून अधिक उत्तरपत्रके गोळा झाली. त्यांच्या आधारे हॉफस्टेडे यांनी १९८० साली ४० देशांची तुलना प्रसिद्ध केली. अधिकार-अंतर, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती, व्यक्तिनिष्ठा व समूहनिष्ठा, आणि पुरुषी व स्त्रैण मूल्ये अशी चार परिमाणे त्यांनी निश्चित केली. पुढे दीर्घकालीन दृष्टीच्या परिमाणाची भर पडली. अधिकार-अंतराच्या निर्देशांकात भारताचा अंक ७७, अमेरिकेचा ४० आणि डेन्मार्कचा १८ आहे. वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यातील विषमता समाजाला कितपत स्वाभाविक वाटते, हे या अंकावरून सूचित होते.

या मांडणीची सोय उघड आहे. पण तीवरील आक्षेपही तितकेच विचारार्ह आहेत. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली असा प्रश्न उपस्थित केला की, एकाच कंपनीच्या नोकरवर्गावरून संपूर्ण राष्ट्राच्या संस्कृतीचे अनुमान कसे काढता येईल? शिवाय राष्ट्राचा अंक हा सरासरीचा अंक आहे. तो कोणा एका व्यक्तीच्या कपाळी लिहिलेला नसतो. 'भारताचा अंक ७७, म्हणून हा भारतीय विद्यार्थी शिक्षकास विरोध करणार नाही' असे अनुमान करणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे. परंतु ऑनलाइन चर्चेत, जेथे सहाध्यायी म्हणजे पडद्यावरील एक नाव व एका देशाचे लेबल एवढेच असते, तेथे ही चूक फार सहज होते.

उद्धृतांच्या बाबतीतही सावधगिरीचा एक वस्तुपाठ याच विषयात सापडतो. परदेशी पाठविलेल्या अधिकाऱ्यांपैकी फार मोठा भाग अयशस्वी होऊन मुदतीपूर्वी परततो, असे विधान अनेक ग्रंथांत वर्षानुवर्षे आढळत असे. ॲन-विल हार्झिंग यांनी १९९५ साली या विधानाचा मागोवा घेतला, तेव्हा त्याचा आधार अत्यंत दुर्बळ असल्याचे दिसून आले. रोझली तुंग यांच्या मूळ पाहणीत अमेरिकी कंपन्यांपैकी अवघ्या ७ टक्के कंपन्यांतच २० ते ४० टक्के अधिकारी परत बोलवावे लागल्याचे नमूद होते. पुढील लेखकांनी मूळ निबंध न पाहता एकमेकांचे आकडे उतरून घेतले आणि अपवादाचा नियम झाला. संगणकाच्या साहाय्याने मूळ निबंध काही क्षणांत समोर येतो, हा ऑनलाइन विद्यार्थ्याचा मोठा लाभ आहे. मात्र तो उघडून वाचण्याचे कष्ट घेतले तरच.

४. विस्मृत घटक : भाषा

संस्कृतीवर इतके विपुल लेखन होत असता भाषेकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. रेबेका मार्शन, डेनिस वेल्च आणि लॉरेन्स वेल्च यांनी १९९७ साली भाषेला बहुराष्ट्रीय व्यवस्थापनातील 'विस्मृत घटक' म्हटले, ते यथार्थच होते. त्यांनी फिनलंडमधील उद्वाहक बनविणाऱ्या कोने कंपनीचा अभ्यास केला. या कंपनीने इंग्रजी ही आपली अधिकृत भाषा ठरविली होती. परंतु कागदोपत्री रचना एक आणि प्रत्यक्ष माहितीचा ओघ दुसराच, असे चित्र आढळले. ज्यांना इंग्रजी वा फिनिश भाषा अवगत होती ते कर्मचारी, पद लहान असूनही, माहितीचे द्वारपाल बनले. ज्यांना ती येत नव्हती ते आपल्याच भाषेच्या गटापुरते सीमित राहिले. अधिकृत रचनेच्या छायेत भाषेची एक दुसरी रचना उभी राहिली होती आणि अधिकाराचे वाटप बऱ्याच अंशी तिच्यानुसार होत होते.

भाषेचा निर्णय हा अधिकाराचा निर्णय कसा ठरतो, याचे अधिक ठळक उदाहरण नॉर्डिक बँकव्यवसायात घडले. फिनलंडची मेरिटा आणि स्वीडनची नॉर्डबँकेन या बँकांचे १९९७ साली एकीकरण झाले व स्वीडिश ही सामाईक भाषा म्हणून निवडली गेली. फिनलंडमध्ये शाळेत स्वीडिश शिकविली जाते, त्यामुळे अडचण येणार नाही अशी समजूत होती. प्रत्यक्षात आपल्या विषयात तज्ज्ञ असलेले फिनिश भाषक अधिकारी बैठकीत गप्प बसू लागले. बढतीच्या वाटा स्वीडिश चांगली बोलणाऱ्यांसाठी सुकर झाल्या. दोन देशांमधील जुन्या वसाहतकालीन संबंधांच्या आठवणीही जाग्या झाल्या. पुढे २००० साली डेन्मार्कची बँक सामील झाल्यावर सामाईक भाषेचे स्थान इंग्रजीकडे गेले.

जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० साली, दोन वर्षांत सर्व अंतर्गत व्यवहार इंग्रजीत होईल, असे जाहीर केले. या प्रयोगाचा त्सेडल नीली यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आणि २०१७ साली ग्रंथरूपाने तो प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष विचारप्रवर्तक आहे. मायदेशीच बसलेले जपानी कर्मचारी भाषेच्या दृष्टीने जणू परदेशस्थ झाले. इंग्रजी मातृभाषा असलेले अमेरिकी कर्मचारी, भाषा आपलीच राहूनही, कंपनीच्या जपानी कार्यपद्धतीमुळे संस्कृतीच्या दृष्टीने परदेशस्थ झाले. ज्यांची भाषा इंग्रजी नव्हती आणि संस्कृतीही जपानी नव्हती, असे इतर देशांतील कर्मचारी मात्र दोन्ही बाबतींत उपरे असूनही सर्वांत चांगले जुळवून घेऊ शकले. दोन्हीकडे शिकावे लागणार, हे त्यांनी आरंभीच स्वीकारले होते, असे याचे स्पष्टीकरण देता येईल.

५. एका भाषेतील वर्ग

आता या विवेचनाचा प्रकाश ऑनलाइन वर्गावरच टाकून पाहू. हार्झिंग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या, अनेक देशांतील विद्यार्थ्यांवर आधारलेल्या संशोधनात एकच प्रश्नावली काहींना मातृभाषेत व काहींना इंग्रजीत दिली होती. इंग्रजीत उत्तरे देणाऱ्यांमध्ये देशादेशांतील फरक कमी झालेले आढळले. परक्या भाषेत उत्तर देताना माणूस नकळत त्या भाषेच्या समाजाकडे झुकतो. या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. जो वर्ग इंग्रजीतच चर्चा करतो त्यातील विद्यार्थी वस्तुतः आहेत त्यापेक्षा अधिक एकसारखे दिसू लागतात. भेदांचा अभ्यास करण्यास जमलेला वर्ग ज्या भाषेत बोलतो ती भाषाच भेद पुसते.

हे कसे घडते ते मराठीच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. इंग्रजीतील 'वुई' या एका सर्वनामासाठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो सामावला जातो. कंपनीचा संचालक इंग्रजीत म्हणतो की, पुढील वर्षी 'वुई'ला खर्च कमी करावा लागेल. हे वाक्य मराठी कामगारांसाठी लिहिताना 'आम्हांला खर्च कमी करावा लागेल' असे म्हणावे, तर तो व्यवस्थापनाचा प्रश्न होतो. 'आपल्याला' म्हणावे, तर कामगारही त्या त्यागात सहभागी ठरतो. त्यातही 'आपण' हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही असल्यामुळे, त्याग केवळ श्रोत्यानेच करावयाचा आहे, असाही अर्थ निघण्याची शक्यता राहते. इंग्रजी वाक्याला जी संदिग्धता सांभाळता येते ती मराठीला येत नाही, आणि मराठीला जी संदिग्धता आहे ती इंग्रजीला ठाऊक नाही. कामगार-संबंधांचा कोणताही अभ्यासक हा भेद क्षुल्लक म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण 'बघतो' या क्रियापदाचे. वरिष्ठाने एखादे काम सांगितले असता कनिष्ठ कर्मचारी 'बघतो साहेब' असे म्हणतो, तेव्हा स्वरावरून आणि प्रसंगावरून ते आश्वासन आहे, टाळाटाळ आहे की सौम्य नकार आहे, हे मराठी भाषकास तात्काळ उमगते. हेच उत्तर इंग्रजीत शब्दशः उतरविले की परदेशी अधिकारी ते बहुधा आश्वासन समजतो. काम न झाल्यास त्यास वचनभंग वाटतो आणि कार्यमूल्यमापनाच्या तक्त्यात 'अविश्वसनीय' असा शेरा पडतो. कर्मचाऱ्याने असत्य सांगितलेले नसते. त्याच्या नकाराला परक्या भाषेत घर मिळालेले नसते.

या उदाहरणांवरून ऑनलाइन वर्गातील मौनाचा अर्थ अधिक सावधपणे लावावा लागेल. चर्चेत न बोलणाऱ्या विद्यार्थ्यास विषय समजलेला नाही, असे मानणे सोपे असते. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी आपले वाक्य मनात जुळवीत असता, इंग्रजी मातृभाषा असलेला सहाध्यायी तीन वाक्ये बोलून गेलेला असतो. शिक्षकाला पहिल्या नावाने संबोधण्याची रीत त्याला अवघड वाटते. मतभेद व्यक्त करण्यापूर्वी आदराची जी शब्दयोजना तो मराठीत सहज करतो ती इंग्रजीत त्याच्या हाताशी नसते. अशा विद्यार्थ्याच्या मौनावर गुण कापणे म्हणजे नॉर्डिक बँकेत जे घडले त्याचीच वर्गात पुनरावृत्ती करणे होय. ओघवती भाषा आणि बुद्धीची झेप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्या पाठ्यक्रमात शिकवावयाचे त्याच पाठ्यक्रमाच्या गुणपत्रिकेत त्या एक झाल्या, तर तो पाठ्यक्रम आपल्याच विषयाशी विसंगत ठरतो.

तथापि ऑनलाइन पद्धतीत या दोषाचे निवारण करण्याची सामग्रीही आहे, आणि ती समोरासमोरच्या वर्गापेक्षा अधिक आहे. ज्या चर्चेत सर्वांनी एकाच वेळी उपस्थित असण्याचे बंधन नाही, अशा लिखित चर्चेत विद्यार्थ्यास विचार करण्यास, कोश पाहण्यास आणि वाक्य तपासण्यास अवधी मिळतो. तोंडी चर्चेत जो मागे पडतो तो लिखित चर्चेत बरोबरीने उभा राहू शकतो. मूर यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे संवाद वाढतो आणि अंतर घटते.

६. अध्यापनाविषयी काही सूचना

उपरोक्त विवेचनावरून अध्यापनाच्या बाबतीत पुढील गोष्टी प्राप्त होतात. पहिली, गुणांकनात तत्काळ संभाषण आणि सावकाश लेखन यांना स्वतंत्र स्थान असावे व पहिल्याचे वजन मर्यादित असावे. दुसरी, प्रश्नावलीच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली प्रतिपादन केलेली उलट-अनुवादाची पद्धती अंगीकारावी. तीत एकाने अनुवाद करावयाचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा मूळ भाषेत आणावयाचा आणि दोहोंतील तफावत तपासावयाची. मात्र या पद्धतीनेही 'आम्ही' व 'आपण' यांतील भेद निसटतो. कारण इंग्रजीत परतताना दोन्हींचे रूप एकच होते. म्हणून जी भाषा उत्तरदात्याची, तिचा जाणकार संशोधनात असणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट अशी की, विद्यार्थ्यांच्या मातृभाषांना वर्गात अभ्याससामग्रीचे स्थान द्यावे. नेमणूकपत्र, बडतर्फीची सूचना, कार्यमूल्यमापनाचा शेरा यांसारख्या दस्तऐवजांची दोन भाषांतील रूपे विद्यार्थ्यांनी शेजारी शेजारी मांडावी आणि कोठे अधिकार वाढला, कोठे आदर घटला, कोठे जबाबदारी सरकली, हे दाखवावे. चाकणच्या कारखान्यातील पर्यवेक्षक, कोल्हापूरचा लघुउद्योजक आणि दुबईत नोकरी करणारा मराठी अभियंता हे एकाच ऑनलाइन वर्गात एकत्र येऊ शकतात. यांतील प्रत्येकाकडे पाठ्यपुस्तकात नसलेली सामग्री असते, आणि ती त्याच्या भाषेत असते.

बहुराष्ट्रीय कंपनीत माणसाची बढती, बदली आणि कधी कधी नोकरीही भाषेच्या अशा बारकाव्यांवर अवलंबून राहते. उद्या जे विद्यार्थी या निर्णयांच्या जागी बसणार आहेत त्यांनी न बोलणाऱ्या माणसाचे मौन वाचावयास आपल्या वर्गातच शिकावे. विखुरलेला, बहुभाषी ऑनलाइन वर्ग ही या विद्येची आपोआप लाभलेली प्रयोगशाळा आहे. तिचा उपयोग करावयाचा तर वर्गाची भाषा पारदर्शक काचेसारखी आहे, हा समज प्रथम सोडावा लागेल.